दोन शिट्ट्यांची सवय

गाडी सुरू झाली होती, पण हलत नव्हती.

शोरूमच्या दारात विटकरी रंगाची नवी कोरी छोटी एसयूव्ही उभी होती. नाकावर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. स्टिअरिंगवर फकीरप्पा हुलकोटी, शेजारी इरकल नेसलेली त्याची बायको ईरव्वा. शोरूमची मंडळी टाळ्या वाजवायला हात उचलून तयार. आणि फकीरप्पा पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, समोर नजर लावून नुसता बसून राहिला होता.

उचललेले हात हळूहळू खाली आले. गाडी विकणाऱ्या मुलीने काचेपाशी वाकून विचारलं, "अंकल, काही अडलंय का? पुन्हा एकदा समजावून सांगू?"

"मला?" फकीरप्पा म्हणाला. "बाळ, तू ज्या बसने शाळेत गेली असशील ना, ती मी चालवायचो."

"मग चालवा की," ईरव्वा हळूच म्हणाली. "लिंबं सुकायला लागली."

फकीरप्पाने मान मागे वळवून पाहिलं. मागच्या सीटवर प्लास्टिक चढवलेलं होतं आणि पेढ्यांचा पुडा होता. बाकी कुणी नव्हतं. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की आपण शिट्टीची वाट बघतोय.

गदग डेपोत तीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. तिथल्या बसचा कायदा साधा. कंडक्टरची एक लांब शिट्टी म्हणजे थांब, दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चल. माणसं चढली की नाही, कुणाचं पोर पायरीवर लोंबकळतंय का, म्हातारीची टोपली आत आली का, हे ड्रायव्हरने बघायचं नसतं. त्याने पुढचा रस्ता बघायचा. मागचं जग कंडक्टरचं. आणि फकीरप्पाचं मागचं जग राजेसाब नदाफ नावाच्या एका बुटक्या, बडबड्या माणसाने इतकी वर्षं सांभाळलं होतं की दोन शिट्ट्या कानावर पडल्या की फकीरप्पाचा डावा पाय क्लचवरून आपोआप उठायचा. त्यात डोक्याचा काही संबंध नसे.

"रैट, रैट," कंडक्टरची हाळी तो स्वतःशीच पुटपुटला. लिंबं चिरडली, टाळ्या वाजल्या, गाडी रस्त्याला लागली.

फकीरप्पा मूळचा लक्ष्मेश्वरच्या बाजूचा. बाप दुसऱ्याची बैलगाडी हाकायचा, त्यामुळे चाकांशी नातं घरातच होतं. शाळा सुटल्यावर तो लॉरीवर क्लीनर झाला. ताडपत्री बांधता बांधता स्टिअरिंगवर नजर ठेवली, आणि मिसरूड नीट फुटायच्या आत जड वाहनाचं लायसन्स काढलं. सरकारी बसवर लागला त्या दिवशी बापाने गावभर फुटाणे वाटले. पुढे लग्न झालं. ईरव्वाचं माहेर सवणूरचं, आणि फकीरप्पाची ड्यूटी बहुतेक त्याच रस्त्यावर. माहेरी जायचं तर नवऱ्याचीच बस. बायकांच्या जागा ड्रायव्हरच्या मागे. वर पाटी, ड्रायव्हरशी बोलू नये. राजेसाब तिकिटाची पिशवी सावरत यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "अक्का, ओळखीचा असला तरी बोलायचं नाही हं. दंड पडेल." सगळी बस हसायची. ईरव्वा पदराआड हसायची आणि सवणूर येईपर्यंत नवऱ्याच्या मानेकडे बघत बसायची.

"तुमच्या तोंडापेक्षा तुमची मान मी जास्त ओळखते," ती पुढे कधीतरी म्हणाली होती. चेष्टेतच म्हणाली होती. पण फकीरप्पाच्या मनात ते राहून गेलं. निवृत्तीनंतर गाडी घ्यायची हे जेव्हा त्याने ठरवलं, तेव्हा लोकांना सांगायला एक कारण होतं आणि हे एक न सांगायचं.

सांगायचं कारण विजी. विजयालक्ष्मी, त्यांची एकुलती एक मुलगी, शिरसीला दिलेली. पहिल्या खेपेला तिचं मूल तिसऱ्या महिन्यातच पोटात गेलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि देवाच्या कृपेने सातवा लागत आला होता. सातव्यात कुबस करायचं, म्हणजे मुलीला हिरवं लुगडं नेसवून, चोळी-बांगड्या भरून, तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ खाऊ घालायचे, आणि मग तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं, ही तिकडची रीत. डॉक्टरीणबाईंनी विजीला बजावलं होतं की प्रवास कर, पण धक्के नकोत. विजी फोनवर म्हणाली होती, "अप्पा, तुम्ही आणाल तर मी येते. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसणार नाही. मला भीती वाटते."

"मी आणतो," फकीरप्पा म्हणाला होता. "कूस बदलल्याचंसुद्धा कळणार नाही तुला."

म्हणून गाडी. छोटी, पण उंच. आधी त्याने बुटक्या गाड्याही बसून बघितल्या होत्या. बसच्या सीटवरून जग बघायची सवय झालेला माणूस, "ही गाडी की जेवायला मांडलेला पाट?" म्हणून उठला होता. या एसयूव्हीत बसल्यावर मात्र समोर बॉनेट दिसलं, त्याच्या पलीकडे रस्ता दिसला आणि त्याला हायसं वाटलं. विजीलाही वाकून आत शिरावं लागणार नव्हतं. पांढरा रंग ईरव्वाने हाणून पाडला. "दवाखान्याची वाटते. पोर आणायची आहे, पेशंट नाही."

तर ती विटकरी गाडी घेऊन दोघं घरी निघाले. बेटगेरीच्या स्टॉपवर गाडी आपोआप हळू झाली, डाव्या अंगाला लागली आणि थांबली. फकीरप्पाला वाटलंही नाही की आपण काही वेगळं केलं. मागचं दार उघडून भाजीची टोपली आत आली, टोपलीमागोमाग एक म्हातारी आली, आणि प्लास्टिकवर बसत म्हणाली, "मार्केटपाशी सोड रे बाबा. किती घेशील?"

ईरव्वाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा समोर बघत होता.

"काही नको, आज्जी," ईरव्वा म्हणाली. "पेढा घ्या. नवी गाडी आहे."

"नवी आहे होय? तरीच रिकामी," म्हातारी म्हणाली आणि तिने दोन पेढे उचलले.

म्हातारीला मार्केटपाशी सोडलं; इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी कोट्रप्पाची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीला दगडी कट्टा. फकीरप्पा जन्मभर घेत आला होता तसंच त्याने वळण घेतलं. कर्र आवाज झाला. गाडीचा पुढचा डावा कोपरा कट्ट्याला घासून गेला. हार तुटला. कोट्रप्पा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावत बाहेर आला.

"फकीरप्पा, बस होती तेव्हा कट्टा कधी आडवा आला नाही रे!"

 उतरून फकीरप्पाने ओरखड्यावरून बोट फिरवलं. नवीन लुगड्याला पहिल्याच दिवशी खिळा लागावा तसा तो ओरखडा होता. ईरव्वा म्हणाली, "दृष्ट गेली. बरं झालं." त्याने तुटलेला हार उचलला.

दुसरा फटका दोन दिवसांनी बसला, आणि तो जिव्हारी लागला. गाडी अंगणातून मागे घ्यायची होती. समोरच्या पडद्यावर मागचं चित्र दिसत होतं, पण चित्रावर भरवसा ठेवायचा कसा, म्हणून तो आरशात बघत होता. ईरव्वा दारात उभी. गाडी नळाच्या हौदाजवळ आली आणि सावध करणारं यंत्र बोललं, टिं टिं. दोन आखूड. फकीरप्पाचा डावा पाय क्लचवरून उठला.

हौदाला काही झालं नाही. गाडीचं मागलं बंपर आत गेलं.

कसं झालं हे त्याने फक्त ईरव्वाला सांगितलं, तेही दिवे मालवल्यासारख्या आवाजात. "थांब म्हणून ते ओरडत होतं, आणि मी चल समजलो."

"मग त्या यंत्राला आपली भाषा येत नाही," ईरव्वा म्हणाली. "त्यात तुमचं काय?"

"माझंच. गाडीत विजी असती तर?"

त्या दिवशी त्याने गाडीवर कापड घातलं. सकाळी उठून कापड काढायचा, गाडी पुसायचा, पुन्हा कापड घालायचा. गिरणीवर ज्वारी घेऊन आलेल्या बायका मान वळवून बघत आणि कोट्रप्पा त्यांच्यादेखत हाक मारी, "काय फकीरप्पा, गाडी बसवलीय का गणपतीसारखी? विसर्जन कधी?" खात्याने दिलेलं, विनाअपघात सेवेचं पदक भिंतीवर होतं. फकीरप्पा त्याच्याखाली न बसता आता समोरच्या खाटेवर पाठ करून बसू लागला.

मग एक दिवस तो स्टँडवर गेला आणि एका टॅक्सीवाल्याला ठरवून आला. गाडी आपलीच, फक्त चालवायला तो. शिरसीला जायचं, कुबस उरकायचं, विजीला घेऊन यायचं. "विजीला काय सांगणार?" ईरव्वाने विचारलं. "माझा गुडघा दुखतोय म्हणून सांगू," तो म्हणाला. त्याचा गुडघा दगडासारखा घट्ट होता, हे दोघांनाही माहीत होतं.

ईरव्वाने वाद घातला नाही. तिने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला, ज्वारीच्या कडक भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडली. राजेसाब फकीरप्पाच्या आधीच निवृत्त झाला होता आणि आता भावाच्या गादी-कारखान्यात कापूस पिंजायच्या यंत्राशेजारी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं काम करत होता. ईरव्वाने डबा त्याच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हातारी आणि पेढे ऐकून राजेसाब हसून हसून लोळला. हौदाचं ऐकून मात्र सरळ उठून बसला.

"दोन शिट्ट्यांवर पाय उठला?"

"हो."

"म्हणजे हे पाप माझंच की, अक्का," राजेसाब म्हणाला. "मीच लावलेली सवय. उद्या त्याला गाडी घेऊन कापूस मार्केटच्या मैदानात यायला सांगा. नाही, सांगू नका. मीच येतो. सांगितलं तर त्याचा गुडघा दुखेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाब दारात हजर झाला. अंगात जुना खाकी शर्ट, गळ्यात दोरीने अडकवलेली शिट्टी. कुणाला काही न विचारता त्याने कापड ओढून काढलं, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला.

"कंडक्टर, उतर खाली," फकीरप्पा म्हणाला. "ही गाडी डेपोतनं निघत नाही."

"तिकिटं फाडून झाली," राजेसाब म्हणाला आणि दोन आखूड शिट्ट्या फुंकल्या.

काय होणार होतं? फकीरप्पा स्टिअरिंगवर जाऊन बसला. मैदानापर्यंतचा रस्ता त्याने असा काढला की जणू मधली सगळी वर्षं पुसून गेली. राजेसाब मागच्या काचेतून बाहेर डोकं काढून बोलत होता. "येऊ दे. डावं मोकळं. सायकल आहे, जाऊ दे तिला. रैट." गिरणीचं वळणही निघालं, कारण राजेसाबने ऐन वेळी "आत्ताच मार, आत्ता!" म्हणून खांद्यावर थाप मारली.

"बघ," फकीरप्पा मैदानात पोचल्यावर म्हणाला. "तू असलास की जमतं. शिरसीला तूच चल मागे बसून."

"आणि मग? बाळाला लस टोचायला न्यायचं, तेव्हाही मीच? अक्काला बाजारात न्यायचं, तेव्हा? मी काय गाडीबरोबर फुकट मिळालेला रबरी पायपोस आहे?"

मैदानात एक हातगाडी उभी होती आणि हातगाडीवर गुंडाळलेल्या गाद्यांचा ढीग. राजेसाबने त्या उतरवून घेतल्या आणि जमिनीवर उभ्या केल्या. दोन इकडे, दोन तिकडे, मध्ये गल्ली. एक गादी वळणावर. "हा कोट्रप्पाचा कट्टा," तो म्हणाला. "हा तुमचा हौद. ठोक किती ठोकायचं ते. कापूस आहे, बोंबलणार नाही."

आणि फकीरप्पाने ठोकलं. पहिल्या वळणाला कट्टा आडवा झाला. दुसऱ्याला दोन भिंती कोसळल्या. राजेसाब धावत जायचा, गादी झटकायचा, पुन्हा उभी करायचा. "ही गादी हळदीच्या नवरा-नवरीची आहे," तो ओरडला, "जरा बेतानं!" फकीरप्पा चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला. शेवटी गाडी बंद करून तो आडव्या पडलेल्या गादीवर येऊन बसला.

राजेसाब शेजारी टेकला. "मला चालवायचं कळत नाही. पण एक सांग. बसमध्ये तुझ्या बुडाखाली काय असायचं?"

"काय असणार? सीट."

"सीटच्या खाली?"

 फकीरप्पाने बोटाने मातीत एक चौकोन काढला, पुढे आणखी एक छोटा. बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसतो, किंबहुना थोडा पुढेच. म्हणून वळणावर बसवाला आधी नाक पुढे जाऊ देतो आणि मग स्टिअरिंग फिरवतो. लवकर फिरवलं तर मागली चाकं फुटपाथवर चढतात. या छोट्या गाडीत चाकं पुढे आणि ड्रायव्हर मागे. फकीरप्पा जिथे वळायला सुरुवात करत होता, तिथे चाकांचं वळण केव्हाच निघून गेलेलं असायचं.

"मी उशिरा वळतोय," तो म्हणाला. अगदी हळू, पण चेहरा असा उजळला की राजेसाबने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कट्टा उभाच राहिला. पण मागे घेणं जमेना. यंत्र टिं टिं करी आणि पाय उठे. हौद पडे.

राजेसाबने मग वेगळंच केलं. "उतर," तो म्हणाला. "इकडे ये. माझ्या जागेवर उभा राहा. मागे."

फकीरप्पा गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. समोर गाडीची पाठ. काचेतून रिकाम्या सीटचा माथा तेवढा दिसत होता. राजेसाब स्टिअरिंगवर जाऊन बसला, किल्लीला हात न लावता, आणि खिडकीतून ओरडला, "आता मी ड्रायव्हर. मला काही दिसत नाही. मी फक्त तुझं ऐकणार. मागे येऊ का?"

फकीरप्पाने मागे वळून बघितलं. हौदाची गादी. तिच्या पलीकडे हातगाडी. एक कुत्रं येऊन गादीच्या सावलीत बसलं होतं, त्याची शेपटी बाहेर आली होती. डावीकडून एक बाई भारा घेऊन येत होती, तिला गाडीची पर्वा नव्हती.  इतकं सगळं असतं मागे? उन्हात, पावसात, बाजाराच्या गर्दीत राजेसाब रोज उतरून इथे उभा राहिला होता, आणि आपण पुढे बसून नुसते दोन शिट्ट्यांची वाट बघत होतो.

"थांब," तो म्हणाला. "बाई जाऊ दे."

मग तिथेच उभा राहून तो म्हणाला, "राजेसाब, ते पदक माझ्या एकट्याच्या गळ्यात घातलं रे त्यांनी."

राजेसाब खिडकीतून डोकं काढून हसला. "कंडक्टरच्या गळ्यात आधीच पिशवी आणि शिट्टी. पदकाला जागा कुठाय?"

"मी हसण्यासाठी बोललो नाही."

"ठाऊक आहे," राजेसाब म्हणाला. "मी पण उगाच शिट्टी वाजवत नव्हतो. माझी पोरं लहान होती. तू पुढे होतास म्हणून मी रोज घरी पोचलो. तेही पदकावर लिहिलेलं नाही. चल, ये, बस. आता मागे येताना आधी इथे येऊन उभा राहा."

"उतरून?"

"मनानं, शहाण्या."

यानंतर फकीरप्पा मागे घेताना आधी पूर्ण वळून बघू लागला, डावीकडून, उजवीकडून, मग पडद्यावर, पुन्हा मागे. तिथे कोण उभं असेल, काय बसलं असेल, हे मनात आणून. यंत्र एकदा टिं म्हणो की दहादा, पाय ब्रेकवर. हौद पडायचा थांबला. एकदा तर यंत्र बोलायच्या आत त्याने गाडी थांबवली आणि उतरून बघितलं, तर गादी आणि बंपरमध्ये हाताची ओंजळ मावेल एवढीच जागा होती. राजेसाबने मोठ्या गंभीरपणे गादीला सलाम केला.

टॅक्सीवाल्याला फकीरप्पाने स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं, आणि चहा पाजला.

कुबसाला निघाले तेव्हा मागच्या बाजूला शेंगापोळ्या, करंज्या, चकल्यांचे डबे होते, मागच्या सीटवर राजेसाब होता आणि त्याच्या मांडीवर विजीचं हिरवं लुगडं. "मामाचा मान आहे, मी धरणार," म्हणून त्याने ते डिकीत ठेवू दिलं नव्हतं. ईरव्वा पुढे. लक्ष्मेश्वर गेलं, सवणूर आलं. माहेरच्या रस्त्यावर ती नवऱ्याशी मोकळेपणाने बोलत होती. हे घर कुणाचं, ती विहीर कशी आटली, इथे एकदा बस बंद पडली होती तेव्हा तिने सगळ्यांना पोहे दिले होते ते. फकीरप्पा "हं, हं" करत होता आणि मधून मधून तिच्याकडे बघत होता.

"समोर बघा," ती म्हणाली.

"बघतोय."

हानगल मागे टाकल्यावर झाडी दाट झाली, वळणं सुरू झाली. एका वळणानंतर फकीरप्पाच्या लक्षात आलं की मागून बराच वेळ काही आवाज नाही.

"कंडक्टर, शिट्टी कुठाय तुझी?"

"घरी विसरलो," राजेसाब म्हणाला.

"कधी?"

"निघतानाच. तू विचारतोस कधी, याचीच वाट बघत होतो."

शिरसीत कुबस थाटात झालं. विजीच्या सासूने सुनेच्या ओटीत नारळ घातला आणि हिरव्या बांगड्यांनी विजीचे हात कोपरापर्यंत भरले. निघायच्या वेळी सासूने फणसाच्या पापडांची डालगी, कोकम, मधाची बरणी असं इतकं काही दिलं की मागे एका माणसालाच नीट पाय लांब करून बसता येईल एवढी जागा उरली. राजेसाबने पिशवी खांद्याला लावली. "मी बसनेच येतो. तिथे मला कुणी तिकीट मागत नाही. आणि फकीरण्णा, तुझ्या गाडीत मला झोप येत नाही, सारखं उठून मागे बघावंसं वाटतं." विजीच्या डोक्यावर हात ठेवून तो उतारावरून निघूनही गेला.

घर टेकाडावर. गल्ली अरुंद, उताराची, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला खोल गटार. गाडी वळवायला जागा नाही. रस्त्यापर्यंत मागे मागेच उतरायचं होतं, विजीला आत बसवून. शेजारचे दोघे-तिघे सल्ला द्यायला गोळा झाले. जावई पुढे आला, "मामा, मी काढून देऊ का?"

फकीरप्पाने क्षणभर विजीकडे पाहिलं. ती मागे उशीला टेकून, दोन्ही हात पोटावर ठेवून त्याच्याकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. ना कट्टा, ना हौद, ना गाद्या. तिच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती.

"मी काढतो," तो म्हणाला.

ईरव्वा दार उघडून खाली उतरली, इरकलीचा पदर खोचून गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला शिट्टी वाजवता येत नव्हती. रैट, रैट असंही तिने कधी म्हटलं नव्हतं. तिने आपल्या पद्धतीने सुरू केलं. "या. या. भिंतीला लाडीगोडी नको, जरा तिकडे. हां. या. आता थांबा, म्हैस आहे. म्हैस गेली. या."

यंत्र टिं टिं करत होतं, टिंटिंटिं करत होतं. फकीरप्पा थांबत होता, वळून बघत होता, बायकोचा हात बघत होता, आणि पुन्हा इंचाइंचाने उतरत होता. रस्त्याला लागल्यावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ईरव्वाने तो नुसता धरला. मग ती आपल्या जागेवर येऊन बसली. तिला धाप लागली होती आणि ती खूश होती.

"म्हशीचं बरं सांगितलंस," तो म्हणाला.

"मला दिसली म्हणून."

परतीचा रस्ता त्याने दुधाची कासंडी नेतात तसा नेला. खड्डा दिसला की आधीच वेग कमी, गतिरोधकावर आधी पुढची चाकं अलगद, मग मागची. वळणं आपल्या जागी आली आणि आपल्या जागी गेली. विजी पहिल्यांदा बोलत होती. बाळ लाथा मारतंय, नवरा तिला रोज काय काय वाचून दाखवतो, सासू लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाही. मग ती हळूहळू बोलायची थांबली. सवणूरच्या अलीकडे त्याने आरशात पाहिलं तर तिची मान उशीवर कलली होती, तोंड किंचित उघडं. लहानपणी शाळेच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपायची, अगदी तशीच. थोड्या वेळाने शेजारून ईरव्वाचंही घोरणं सुरू झालं.

ड्रायव्हर लोकांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कुणी बोलून दाखवत नाही. उतारू घाबरला असला की समोरची सीट धरून बसतो, विश्वास बसला की झोपतो. भरलेली बस झोपली की ड्रायव्हरला कुणी शाबासकी दिल्यासारखं वाटतं. पण त्या झोपलेल्या उतारूंत घरचं माणूस कधी नव्हतं.  मनातल्या मनात फकीरप्पाने एकेकाचं नाव घेतलं. फुटाणे वाटणारा बाप. त्याला लॉरीवर पहिल्यांदा गिअर टाकू देणारा उस्ताद. गाद्या झटकणारा राजेसाब. पदर खोचून उताराला उभी राहिलेली ही. विजीच्या डॉक्टरीणबाई. नावं संपली नाहीत, रस्ता संपत आला.

गदगला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी कोट्रप्पा गिरणी बंद करून कट्ट्यावरच बसला होता. गाडी त्याच्या पायांना न लागता, पुरेशी जागा ठेवून वळली. तो उठून मागोमाग आला.

"आलास का रे फकीरप्पा! पोर कशी—"

फकीरप्पाने गाडी घरासमोर लावली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो म्हणाला. "दोघी झोपल्यात."

कोट्रप्पाने आत डोकावून पाहिलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि घराचं फाटक उघडायला पुढे गेला.